निम्मा विद्यार्थी, निम्मा मास्तर

मुलगा अमेरिकेत एम.एस. करतो आहे असे सांगितले, की आपल्याकडे पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कोणते विद्यापीठ, कॉम्प्युटर की इलेक्ट्रॉनिक्स, आणि नोकरी कधी. मुलगी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे असे सांगितले, तर मात्र समोरचा माणूस क्षणभर थांबतो, आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतो, ‘‘म्हणजे सध्या कोणते शेअर घ्यावेत?’’ लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, एकदा तर दवाखान्यात रांगेत बसले असताना हा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्याचे उत्तर ठाऊक असते, तर परदेशात पाच वर्षे मी दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासत बसले नसते.

त्या उत्तरपत्रिकांविषयी, म्हणजे त्या तपासणाऱ्या माणसाविषयी, आज लिहायचे आहे. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ म्हणजे आपल्या अर्थाने पदवीधर नव्हे. पदवी झाल्यावर पुढचे, बहुधा पीएच.डी.चे शिक्षण घेणारा तो ग्रॅज्युएट स्टुडंट. विद्यापीठ त्याची फी माफ करते, पोटापुरता पगार देते, आणि त्या बदल्यात आठवड्याला साधारण वीस तास पदवीच्या मुलांना शिकवण्याचे काम त्याच्याकडून करून घेते. या कामाचे नाव टीचिंग असिस्टंट, बोलण्यात ‘टीए’. नव्वदच्या दशकात मध्यपश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी अशी टीए होते. पुढे परत येऊन महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात बावीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. दोन्हीकडचे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की आपल्या उच्च शिक्षणात इमारतींची आणि अभ्यासक्रमांची जेवढी ओरड होते तेवढी या मधल्या माणसाच्या अभावाची होत नाही. आणि खरी उणीव त्याचीच आहे.

प्रथम त्याच्या विद्यार्थीपणाचे सांगते. पीएच.डी. म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ग्रंथालयात जुनी दफ्तरे चाळणारा माणूस येतो. तिकडे पहिली एक-दोन वर्षे प्रबंधाचे नाव कोणी काढत नाही. सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र आणि अर्थमिती या तीन विषयांची जवळजवळ शाळाच भरते. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन या तिघांचे सूक्ष्म अर्थशास्त्रावरचे पुस्तक १९९५ मध्ये निघाले. आम्ही गेलो तेव्हा ते नवे कोरे होते. जवळजवळ हजार पानांचे हे पुस्तक उशीखाली घेऊन झोपावे, इतके त्याचे आणि आमचे सख्य. ग्राहक, उत्पादक, बाजारपेठ सगळे त्यात आहे, पण सगळे गणिताच्या रूपात. भाजीवाला शोधून सापडत नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी ‘प्रिलिम’ नावाची परीक्षा असते. ती दोनदा नापास झालेल्याला बहुतेक ठिकाणी एम.ए. देऊन नारळ दिला जातो. पंचवीस वर्षांचा, आपल्या गावात हुशार म्हणून वाढलेला मुलगा तेव्हा पहिल्यांदा वर्गात मागे पडण्याची चव घेतो.

या शिक्षणाचा माणसावर काय परिणाम होतो, हे अर्जो क्लेमर आणि डेव्हिड कोलँडर या दोन अर्थतज्ज्ञांनी तपासले होते. अमेरिकेतल्या सहा नामांकित विद्यापीठांतल्या अर्थशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, की या धंद्यात यशस्वी व्हायला काय लागते? १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत कोडी सोडवण्याची हुशारी अत्यंत महत्त्वाची, असे ६५ टक्क्यांनी सांगितले. अर्थव्यवस्थेचे सखोल ज्ञान अत्यंत महत्त्वाचे, असे म्हणणारे निघाले ३ टक्के! ही पाहणी जुनी झाली आहे, आणि त्यानंतर अर्थशास्त्रात प्रत्यक्ष आकडेवारीचे, गावोगावच्या प्रयोगांचे काम पुष्कळ वाढले. तरी पहिल्या वर्षाची चव अजून तीच आहे, असे हल्ली जाऊन आलेली मुलेही सांगतात.

या दुखण्यावर मला सापडलेला उतारा एकच. तो म्हणजे दर गुरुवारी सकाळी पंचवीस मुलांसमोर उभे राहणे.

तिथली पद्धत अशी. पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राचे व्याख्यान प्राध्यापक मोठ्या सभागृहात दोन-तीनशे मुलांना देतात. मग त्या मुलांचे लहान गट पाडतात आणि दर आठवड्याला टीए प्रत्येक गटाला एक तास घेतो. याला ‘सेक्शन’ म्हणतात. शिवाय आठवड्यातले दोन-तीन तास टीएने आपल्या खोलीत बसून राहायचे. ज्याला अडले असेल त्याने यावे. परीक्षेच्या आदल्या दिवशी या खोलीबाहेर लागणारी रांग पाहावी. बाकीच्या दिवशी टीए एकटाच माशा मारत बसलेला असतो, हेही खरे.

सेक्शनमध्ये होते काय, ते एका उदाहरणाने सांगते. किंमत वाढली की मागणी कमी होते, हे पहिल्या तासाला शिकवतात. मागणी कमी झाली की किंमत उतरते, हे दुसऱ्या तासाला. तिसऱ्या तासाला एखादी मुलगी हात वर करून विचारते, ‘‘मग किंमत वाढल्याने मागणी कमी होणार, आणि मागणी कमी झाल्याने किंमत उतरणार. म्हणजे किंमत वाढली की ती उतरते?’’ वर्ग हसतो. पण प्रश्न अस्सल आहे. आपल्याकडच्या आंब्याने तो चटकन सुटतो. मे महिन्यात कोकणातून पेट्यांवर पेट्या येऊ लागल्या, भाव उतरला आणि एरवी एक डझन घेणाऱ्याने दोन डझन घेतले, तर त्याची आवड काही बदललेली नसते. तो फक्त आपल्या जुन्याच गणितानुसार स्वस्ताईत जास्त घेतो. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मात्र ज्या भावाला कोणी काल एक डझन घेतला नसता, त्याच भावाला आज तो दोन डझन मागतो. पहिल्या वेळी माणूस मागणीच्या रेषेवरून खाली घसरला, दुसऱ्या वेळी रेषाच उचलून बाजूला सरकली. ‘मागणी’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरल्याने सगळा घोटाळा होतो. तिकडे मला आंब्याऐवजी पेट्रोल घ्यावे लागे, एवढाच फरक.

हा घोटाळा तीस वर्षे शिकवणाऱ्या प्राध्यापकाला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने तो रस्ता सपाट आहे, कारण ठेच कुठे लागते हे तो केव्हाच विसरला. टीएची जखम अजून ओली असते. आणि टीएलाही याचा फायदा होतो. हजार पानांच्या पुस्तकातली प्रमेये लिहून काढणारा विद्यार्थी गुरुवारी सकाळी ‘घरभाड्यावर सरकारने मर्यादा घातली तर आमच्या आजीचे काय होईल’ या प्रश्नासमोर उभा राहतो, तेव्हा आपल्याला काय येत नाही हे त्याला समजते. मला स्वतःला अर्थशास्त्र जे काही आले, ते प्रिलिमच्या अभ्यासापेक्षा त्या खोलीत अधिक आले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आमच्यासारख्यांना झोंबणारा आहे. अमेरिकेत अर्थशास्त्राचे टीए मोठ्या संख्येने परदेशी असतात. चिनी, कोरियन, तुर्की, भारतीय. त्यांचे उच्चार मुलांना कळत नाहीत, अशी पालकांची जुनी तक्रार. अनेक राज्यांनी त्यासाठी कायदे केले आणि परदेशी टीएंची तोंडी इंग्रजीची परीक्षा सुरू झाली. आपण ‘डिमांड’मधला ‘ड’ ज्या जोरात म्हणतो तो तिकडे चालत नाही, हे मला त्या परीक्षेत समजले. जॉर्ज बोर्हास या नामवंत अर्थतज्ज्ञाने २००० मध्ये एका मोठ्या सरकारी विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशात जन्मलेल्या टीएंमुळे मुलांच्या गुणांवर प्रतिकूल परिणाम होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. बोर्हास स्वतः क्युबात जन्मलेले, ही त्यातली गंमत. दोनच वर्षांनी ओहायो स्टेट विद्यापीठातल्या तिघा अर्थतज्ज्ञांनी आपल्याकडची आकडेवारी मांडून दाखवले, की निवड नीट केली आणि शिकवण्याचे आधी प्रशिक्षण दिले, तर परदेशी टीए देशी टीएंच्या मागे पडत नाहीत. मला या दोन्ही अभ्यासांत विरोध दिसत नाही. शिकवायला शिकवावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला डी.एड. लागते, महाविद्यालयात मात्र विषय आला की शिकवणे आपोआप येते, असे आपण धरून चालतो.

आता पगाराकडे वळू. टीए विद्यार्थी की कामगार? प्रश्न साधा वाटतो, पण अमेरिकेतल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने खासगी विद्यापीठांपुरते त्याचे उत्तर तीनदा फिरवले आहे. २००० मध्ये मंडळ म्हणाले, कामगार. २००४ मध्ये म्हणाले, विद्यार्थी. २०१६ मध्ये पुन्हा कामगार. सरकारी विद्यापीठांना त्या त्या राज्याचे कायदे लागू होतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारातल्या टीएंनी १९६६ मध्येच संघटना काढली होती, आणि १९७० मध्ये संप करून विद्यापीठाकडून करार मिळवला. अशा प्रकारचा तो पहिला करार मानला जातो. अलीकडचा मोठा संप कॅलिफोर्निया विद्यापीठातला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या दहा आवारांतले टीए, संशोधन-साहाय्यक आणि तरुण संशोधक मिळून सुमारे ४८ हजार लोक कामावरून उठले. ऐन सत्रपरीक्षेच्या तोंडावर उत्तरपत्रिका तपासायला माणूस उरला नाही, तेव्हा हे विद्यापीठ कोणाच्या खांद्यावर उभे आहे ते सगळ्यांना दिसले. डिसेंबरअखेरीस टीएंचा करार झाला आणि पगारात भरघोस वाढ मिळाली. घरभाड्यातच निम्म्याहून अधिक पगार जातो, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

यातला विनोद अर्थशास्त्राच्या टीएलाच नीट कळतो. किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो, हा पाठ त्याला दर सत्राला फळ्यावर काढून दाखवावा लागतो. त्यानंतर डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा १९९४ चा अभ्यास सांगावा लागतो. न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान वेतन वाढवल्यावर तिथल्या फास्ट फूडच्या दुकानांत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. क्रूगर त्याआधीच गेले होते. असे का व्हावे, याचे एक उत्तर जोन रॉबिन्सन या ब्रिटिश विदुषीच्या १९३३ च्या पुस्तकात आहे. जिथे कामगारांना घेणारा एकच मालक असतो, तिथे तो मजुरी दाबून ठेवू शकतो. या स्थितीचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात एखादी दुर्गम भागातली खाण असते. खाणीपर्यंत कशाला जायचे? विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने सत्र चालू असताना आवारातच काम करायचे आणि तेही आठवड्याला वीस तासांपर्यंत, असा नियम आहे. म्हणजे त्याच्या श्रमाला गिऱ्हाईक बहुधा एकच, त्याचे विद्यापीठ. फळ्याजवळ उभा असलेला मास्तरच या पाठाचे उदाहरण असतो.

शिकवणाऱ्याला पैसे कसे द्यावेत, याची काळजी अर्थशास्त्राचा मूळ पुरुष अ‍ॅडम स्मिथ यालाही होती. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांना शिकवले न शिकवले तरी वेतन मिळते, म्हणून त्यांनी शिकवण्याचे सोंगही सोडून दिले आहे, असा टोला त्याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मारला. ग्लासगोला मुले फी थेट शिक्षकाच्या हातात देत. १७६४ मध्ये स्मिथने सत्राच्या मध्येच ती नोकरी सोडली, तेव्हा मुलांची फी त्याने परत करायला घेतली. मुले घेईनात, तर त्याने ती त्यांच्या खिशात कोंबली, असे सांगतात. आपल्याकडच्या किती क्लासचालकांना ही गोष्ट माहीत आहे, कोण जाणे.

आणि शिकणे व शिकवणे यांची सांगड आपल्याला परकी आहे, असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून. बडोदे संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. तिची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते दरमहा ४५० रुपयांवर अर्थशास्त्र शिकवू लागले. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची जोड दिली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा प्रबंध त्यानंतरचा. शिकण्यासाठी शिकवावे लागणे ही गोष्ट त्यांच्या बाबतीत गरजेपोटी घडली. शंभर वर्षांनी ती सोय म्हणून उपलब्ध असायला हरकत नव्हती.

प्रत्यक्षात आज आपल्याकडे काय दिसते? पहिल्या वर्षाच्या कलाशाखेच्या वर्गात शंभर-सव्वाशे नावे, हजर त्यातली चाळीस. सेक्शन नाही, अडलेले विचारायला खोली नाही. ट्यूटोरियल वेळापत्रकात असते, पण बहुतेक ठिकाणी ते म्हणजे वहीत उतरवून आणलेली चार पाने आणि त्यावर एक सही. ज्याला परवडते तो क्लास लावतो, ज्याला परवडत नाही तो गाइड घेतो. दुसरीकडे विद्यापीठात पीएच.डी.चा विद्यार्थी बसलेला असतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळालेला असेल, तर जानेवारी २०२३ पासून त्याला दरमहा ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार मिळतात. ज्यांना ती नाही, त्यांची भिस्त बार्टी, सारथी, महाज्योती यांच्यावर. आणि त्या पैशांसाठी मुलांना उपोषणाला बसावे लागल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण वाचल्या आहेत. या मुलाच्या डोक्यात ताजे अर्थशास्त्र आहे, हाताशी वेळ आहे, आणि त्याला वर्गात पाठवायचे कोणाला सुचत नाही. त्याला सुचवली जातात ती मार्गदर्शकांची कामे. परिसंवादासाठी पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे हे त्यातले सभ्य काम.

वास्तविक वाट मोकळी झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. एम.फिल. बंद झाल्याची चर्चा तेव्हा झाली. पण त्याच नियमांत असे म्हटले आहे, की पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला अध्यापनाचे प्रशिक्षण द्यावे, आणि ट्यूटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापनाचे आठवड्याला चार ते सहा तासांचे काम त्याला देता येईल. ‘देता येईल’, ग्यानबाची मेख इथे आहे. द्यायचेच असे बंधन नाही.

मी याच्या बाजूची आहे, पण डोळे मिटून नव्हे. तासिका तत्त्वावर शिकवणारी आमची हजारो माणसे आहेत. नेट-सेट झालेली, काही डॉक्टरेट घेतलेली. घेतलेल्या तासांचेच पैसे, तेही वेळेवर मिळतील याची खात्री नाही, आणि सुटीत काहीच नाही. संशोधक विद्यार्थ्यांना ट्यूटोरियलला उभे करा म्हटले, की एखाद्या संस्थेला वाटेल, तासिकावाल्यांपेक्षाही स्वस्त माणूस सापडला. तसे झाले तर नको ते. मूळ व्याख्यान पूर्णवेळ प्राध्यापकानेच घ्यायचे, रिक्त जागा भरायच्याच, आणि टीएच्या कामाचा मोबदला अधिछात्रवृत्तीहून वेगळा द्यायचा, या अटींवरच हे करावे. काम चार-सहा तासांच्या वर गेले तर नाही म्हणण्याचा हक्क त्या मुलाला लेखी हवा. प्रबंधावर ज्यांची सही लागणार त्यांना तोंडाने नाही म्हणणे किती अवघड असते, हे सांगायला नको.

हिशेब करून पाहू. एखाद्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे वीस संशोधक विद्यार्थी आहेत असे धरा. प्रत्येकाने आठवड्याला पाच तास दिले. तीन तास तीन गटांना शिकवायला, दोन तास तपासायला. पंचवीसचा एक गट धरला, तर दीड हजार मुलांना दर आठवड्याला एक तास मिळतो. ताशी पाचशे रुपये मोबदला दिला, तर पंधरा आठवड्यांच्या सत्राला साडेसात लाख रुपये लागतील. म्हणजे मुलामागे पाचशे. खासगी क्लासची एका विषयाची फी किती असते, ते पालकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

यात एक अडचण मला दिसते, ती अंतराची. संशोधक विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात, आणि पहिल्या वर्षाची मुले तालुक्याच्या महाविद्यालयात. तिथे आठवड्यातून एकदा जायचे तर एसटीचा खर्च आणि अख्खा दिवस जाणार. तो दिवस कामाच्या तासांत धरावा लागेल, म्हणजे वरचा हिशेब वाढेल. त्याचा मार्ग निघेपर्यंत निदान विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथल्या महाविद्यालयांत, एका विषयापुरते, येत्या जूनपासून हे करून पाहता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको. दुपारी रिकामी असणारी एक वर्गखोली आणि थोडे खडू पुरेत.